कोळशाची पेज आणि सलीमचं नशीब

बॉयलरची राख रोज उपसता येते. किस्से मात्र साठतच जातात.

आमचा रत्नागिरीतला आमरस डब्यात भरायचा कारखाना. बॉयलर माझा. साहेबांनी ठरवलं, महाग तेलाऐवजी कोळशाची पूड पाण्यात कालवून भट्टीत फवारायची. आम्ही तिला ‘पेज’ म्हणायचो. त्यासाठी आखातातून परतलेला सलीम आला. साहेब म्हणाले, “ज्याच्या हाताने ज्वाळा टिकेल, बॉयलर त्याचा!”

माझा बॉयलर!

*

पहिल्याच दिवशी पेज नळीत अडली. मी प्रेशर वाढवलं, तर ती आणखी घट्ट! सलीमने प्रेशर उतरवलं. वाहू लागली.

“नाना, जोरात रेटलं की कण एकमेकांत अडकतात.”

“आखातात शिकलास हे?”

“छे! मासळीबाजाराच्या गर्दीत.”

सगळे हसले. मी नाही.

*

मग कण एकमेकांना चिकटून गोळे व्हायला लागले. नोजलमधून फवारा नाही, शेणाचे लपके! केमिस्ट जाधव मॅडमनी औषध घातलं. “आता कण एकमेकांना दूर लोटतील.” पेज ताकासारखी पातळ झाली.

साहेब म्हणाले, “शाबास, सलीम!”

मॅडम हळूच म्हणाल्या, “नाना, औषध मी घातलं ना हो?”

तेव्हापासून ही बाई मला आवडते.

*

सुट्टीनंतर बघतो तर पेजेच्या पिंपाच्या तळाशी जांभ्यासारखा थर! मॅडम म्हणाल्या, “औषध जास्त झालं. कणांनी एकमेकांना जरासुद्धा धरलं नाही, सगळे तळाला जाऊन घट्ट बसले.”

पहार घेऊन मी तो फोडला. सलीमने चहा आणून दिला. तेवढ्यात साहेब आले. “बघा, सलीम किती राबतो!”

*

घरी बायको म्हणाली, “सलीमभावजींनी सुरमई पाठवलीय.”

मी तुकडीला हात लावला नाही. नुसतं कालवण घेतलं.

*

शेवटच्या चाचणीला सलीम भाचीच्या लग्नाला चिपळूणला गेलेला. मी एकटा. मॅडमनी औषध मोजून दिलं, मी पेज ढवळली, प्रेशर बेताने सोडलं. फवारा धुक्यासारखा! ज्वाळा सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलली नाही.

साहेबांनी सगळ्यांसमोर फोन स्पीकरवर लावला. “सलीम, काय सेटिंग करून गेलास रे!”

“साहेब, मी कशाला हात लावला नाही. सगळं नानांनी केलं. बॉयलर त्यांचाच.”

साहेबांनी फोन ठेवला. डोळे पुसले.

“बघा नाना, एवढं करून नाव तुमचं घेतो! असा माणूस मिळायचा नाही. बॉयलर त्यालाच!”