खाकी कव्हरं
नातीच्या नव्या पुस्तकांना कव्हरं घालायला खाकी कागद उलगडला आणि त्या वासासरशी आमचं कर्जतचं वह्या-पुस्तकांचं दुकान आठवलं. वडील सकाळी शाळेत शिकवायचे, दुपारनंतर दुकानात बसायचे आणि जूनमध्ये मागेल त्याला पुस्तकांना कव्हरं घालून द्यायचे. शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी पोशीरची एक बाई पिशवीभर पुस्तकं घेऊन आली. "गुर्जी, माज्या हातून नाय व्हायचं. तुमीच घाला ना." त्यांनी घातली, पण त्यात कागद संपला आणि माझी पुस्तकं तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गावर शिकवायला वडीलच! ज्याच्या पुस्तकाला कव्हर नाही त्यानं तासभर उभं राहायचं, हा त्यांचा दरवर्षीचा नियम. मी एकटीच उठले. पोरं फिदीफिदी हसली. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "तू बस. चूक दुकानदाराची आहे," म्हणाले आणि गुडघेदुखीमुळे एरवी बसून शिकवणारा तो माणूस खुर्ची भिंतीशी सरकवून अख्खा तास उभा राहिला. माझं नाक रागानं लाल; मी एकदाही वर पाहिलं नाही. आज कागदाची घडी मुडपताना हात थांबतो. तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं, बाबा, बसा ना आता.