संकरित गाईची निगा, भाग दुसरा

कॅसेटीची रीळ एकदा बाहेर आली की पेन्सिल घालून गुंडाळत बसावं लागतंय. एक वेढा आत गेला की दुसरा बाहेर! आमच्या धंद्याच्या गोष्टींचं तसंच हाय. एक सांगाय बसलं की मागची धा निघत्यात. तुमी इचारलंय म्हणून सांगते, न्हायतर परंड्यात त्या कॅसेटीचं नाव काढायची कुणाची छाती न्हाय. ऐकल्यात मात्र समद्यांनी!

आमच्या मालकांचं परंड्यात स्पीकरचं दुकान. लग्न असू द्या, जत्रा असू द्या, सोसायटीची मीटिंग असू द्या, कर्णा आमचाच. मंग दुष्काळ पडला. लग्नं पाच माणसांत उरकाय लागली. कर्णे दुकानात पालथे पडले, त्यात चिमण्यांनी घरं केली. घरात मी, मालक आन चार वर्साची आमची पोर मंगल. आन एक डबल डेकचा टेप.

एका दिवशी मालक म्हणले, "लोकांना खायाला न्हाय, पण मन रमवाय तर पायजेच की. नवरा-बायकोच्या चावट गप्पा कॅसेटीत भरू. बाई तू, बाप्या मी."

म्या म्हणलं, "लाज न्हाय वाटत?"

"वाटती की. पण भूक आधी लागती."

घरात तवा दोन शेर जोंधळं होतं. म्या वाद घातला न्हाय.

*

लिहून द्यायला गुरुजी धरले. रिटायर मास्तर, बायको जाऊन बारा वर्सं झालेली, आमच्या दुकानात पेपर वाचाय यायचे. पयलं पान लिहून आणलं ते असं: "हे प्रिये, तुझ्या सहवासाची अभिलाषा मम मनी दाटली आहे."

म्या म्हणलं, "गुरुजी, हे ऐकून गिऱ्हाईक झोपंल की!"

"अहो, पण भाषा शुद्ध नको का?"

"भाषा शुद्ध आन बाकी समदं अशुद्ध, कसं जमायचं?"

गुरुजी लाजले. दुसऱ्या दिवशी नवं पान घेऊन आले, मालकांच्या हातात दिलं आन भिंतीकडं तोंड करून बसले. त्यात पयल्यांदा बाई म्हणती, "या, बसा. दार लावून घ्या." आन बाप्या म्हणतो, "लावलं गं! कडीबी घातली!"

बस, एवढंच. पण मालकांनी ते अशा सुरात म्हणलं की मलाच घाम फुटला! तवापासनं आमची हरेक कॅसेट ह्याच दोन बोलांनी सुरू व्हायची.

म्या इचारलं, "गुरुजी, हे कुठनं सुचलं वो तुमाला?"

भिंतीकडं बघतच म्हणले, "सुचलं नाही. शाळेतून घरी आलो की आमची ही रोज असंच म्हणायची. शेजारच्या शेळ्या आत घुसायच्या ना!"

मंग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बसले. मला लई वाईट वाटलं त्या दिवशी. पण बदलायला दुसरं पान नव्हतं, तेच भरलं.

*

आता कव्हरचं ऐका. त्याच दुष्काळात दूध सोसायटीनं लोकांना संकरित गाई वाटल्या. गाय सांभाळायची कशी, ह्याची एक कॅसेट काढली, आवाज गुरुजींचा. चेअरमन आबा मोठ्या मनाचे, त्यांनी कव्हरं पोतंभर छापून आणली: 'संकरित गाईची निगा'. वर गाईचा फोटो. कॅसेटी खपल्या चार! चारा न्हाय, पाणी न्हाय, निगा राखायची कशानं?

पोतं आमच्याच दुकानात पडून. मालकांनी एक रबरी शिक्का केला, 'भाग दुसरा', आन हाणला हरेक कव्हरवर. वर गाय, आत आमी!

बाजारात नुसतं "भाग दुसरा हाय का?" म्हणलं की कळायचं. पार मुरुमच्या बाजारापातूर माल जायचा. आबांचा ड्रायव्हर तर दर सोमवारी हजर. आबांना गाईची लई काळजी!

एकदा ईट गावचा एक म्हातारा आला. गरीब माणूस, त्याला खरंच गाय मिळालेली. त्यानं भाग दुसरा मागितला, मालकांनी गप दिला. आठ दिसांनी म्हातारा परत दारात.

"ह्यात गाईचं कायबी न्हाय," म्हातारा म्हणला.

"चुकून गेली बाबा. आणा, बदलून देतो."

"आता बदलून काय करू? गाय मेली."

कॅसेट मात्र त्यानं परत दिली न्हाय.

*

एक हवालदार आला. दोन कॅसेटी 'पुरावा' म्हणून खिशात घातल्या आन गेला. महिनाभर आमाला घास गोड लागंना. मंग एका दिवशी साध्या कपड्यात आला आन हळूच म्हणला, "त्या पुराव्यात आवाज नीट येत न्हाय. दुसरा पुरावा द्या!"

*

भरायचं काम भर दुपारी. दार-खिडक्या लावायच्या, त्यावर वाकळा टांगायच्या. वर पत्रा, आत भट्टी. मंगलला शेजारणीकडं झोपवायची आन आमी दोघं घामानं चिंब होऊन लाडाचं बोलायचं. कुणाला ह्यात मजा वाटत असंल तर त्यानं चैताच्या महिन्यात पत्र्याखाली बसून बघावं.

एकदा ऐन रंगात आलेलो. मी "इश्श, सोडा की" म्हणतीय, तवर गल्लीत आरोळी उठली, "टँकर आला!"

म्या कागद टाकला. "थांबा, पाणी भरून येते!" म्हणलं आन हंडा उचलून पळाले. टेप चालूच! हंड्यांचा खणखणाट, बायकांची भांडणं, माझी शिवी, समदं भरलं. दुसरी कोरी कॅसेट नव्हती, मालकांनी तीच विकाय काढली.

ती सगळ्यात जास्त खपली! लोक नाव घेऊन मागायचे, "ती टँकरवाली द्या." मालकांनी एकाला इचारलंच, बाबा, एवढं काय हाय तिच्यात?

तो म्हणला, "बाकीच्या कॅसेटीतली बाई खोटी वाटती. ही आमच्या घरातली वाटती."

*

दुसऱ्या उन्हाळ्यात मालकांना कावीळ झाली. बार्शीच्या दवाखान्यात नेईपातूर उशीर झालता. दोन दिसांत गेले.

धंदा म्या तिथंच बंद केला. टेप विकला. घरात कॅसेट एक ठेवली न्हाय, पोरीच्या हाताला लागंल म्हणून. पण एकीच्या धा झालेल्या, त्या कुठं बंद होत्यात? ट्रकात, हाटेलाच्या मागल्या खोलीत, कुणाच्या मळ्यात माझे मालक रोज बोलत होते. समद्या तालुक्याला ऐकाय मिळायचे, फक्त मला न्हाय. रांडमुंड बाईनं ती कॅसेट मागत हिंडायचं? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. ते बी कॅसेट ऐकत ऐकत!

*

महिनाभरानं मंगलला घेऊन कुर्डुवाडीच्या यष्टीत बसले. कंडक्टरला म्हणलं, "एक फुल, एक हाफ, कुर्डुवाडी."

म्होरल्या शिटावरची तीन मुंडकी एकदम मागं फिरली. एक जण दात काढून म्हणला, "दार लावून घेऊ का?" दुसरे दोघं फिदीफिदी हसले.

मंगल म्हणली, "आई, दार तर लावलेलंच हाय की."

त्या दिवसापासनं मी घराबाहेर बोलायचीच बंद झाले. दुकानात बोट दाखवायचं, यष्टीत तिकीट मंगलनं काढायचं. ज्यांनी ऐकलं ते मिशीला पीळ देऊन हिंडत होते, आन तोंड लपवायचं मी!

*

मंग दूध सोसायटीत जागा निघाली, सकाळ-संध्याकाळ सेंटरवर दूध मापून घ्यायचं. मी सातवी पास. अर्ज दिला. कमिटीनं बोलावलं. समदे मेंबर टेबलाभोवती, मधी आबा.

एक मेंबर खाकरला. "बाईंच्या वागणुकीचं जरा... म्हंजे, लोक म्हणत्यात आवाज ओळखीचा हाय."

लई दिसांनी म्या घराबाहेर तोंड उघडलं. म्हणलं, "कुठं ऐकला? ज्यानं ऐकला त्यानं सांगावं. आबा, तुमी ऐकला?"

समदे वर पंख्याकडं बघाय लागले. पंखा बंद होता, लाइट सकाळीच गेलती.

मेंबर उठून गेल्यावर आबा एकटे थांबले. म्हणले, "जागा देतो. टेंपरवारी. दोन वर्सांनी पर्मनंट करू. पण सेंटरवर तोंड उघडायचं न्हाय. एक अक्षर न्हाय. बोललीस की त्याच दिवशी घरी."

पर्मनंट म्हंजे मंगलची शाळा, मंगलचं पोट. म्या मान हलवली.

*

दोन वर्सं दूध मापलं आन चकार शब्द काढला न्हाय. नवी माणसं मला मुकीच समजाय लागली. शाळेत पोरं मंगलला "मुकीची मंगी" म्हणायची. ती रोज भांडून यायची, "माझी आई बोलती! घरी लई बोलती!" कुणी खरं मानंना.

एकदा कुशीत शिरून म्हणली, "आई, सेंटरवर एकदाच बोल. नुसतं माझं नाव घे."

पर्मनंट व्हायला चार महिने होते. म्या "न्हाय" म्हणलं. ती झोपल्यावर पदर तोंडात कोंबून रडले.

*

सोसायटीची मोठी सभा भरली. मंडप खच्चून भरलेला. जिल्ह्याचे साहेब आलते. आबांच्या मंडळी पयल्या रांगेत, मंगल त्यांच्या पायापाशी. आबांच्या हातात माझी पर्मनंटची ऑर्डर. मला शेजारी उभं केलं आन आबांनी माईक धरला.

"आमच्या सोसायटीनं एका जन्मापासनं मुक्या, अभागी भगिनीला पायावर उभं केलं!"

टाळ्या! साहेबांचे डोळे भरून आले.

मंगल ताडकन उठली. "माझी आई मुकी न्हाय!"

समदा मंडप हसला. आबांच्या मंडळींनी तिला दंडाला धरून खाली बसवलं. "गप गं. येडी हाय बिचारी."

आबा दातांखालनं मला म्हणले, "हात जोड, कागद घे, उतर खाली."

कागद हातभर अंतरावर होता. पण साहेब भला माणूस. "ताई, खुणेनं का होईना, काहीतरी सांगा," म्हणले आन माईक आबांच्या आन माझ्या मधी सरकवला.

म्या ऑर्डरीकडं बघितलं. मंगलकडं बघितलं. तिच्या दंडावर अजून त्या बाईचा हात होता.

माईकवर टिचकी मारली, मालक मारायचे तशी. टक, टक. कर्ण्यातनं घुमली.

"मंगल," म्या म्हणलं.

पोरीनं तोंड वर केलं.

मंग म्या समद्यांकडं बघितलं आन म्हणलं, "या, बसा. दार लावून घ्या."

मागनं, मधनं, डाव्या अंगाच्या मेंबरांतनं, कुणाच्या मनात नसताना, समद्या बाप्यांच्या तोंडातनं एकदमच निघून गेलं, थेट माझ्या मालकांच्या सुरात. पण सगळ्यात मोठ्यानं आलं ते कर्ण्यातनं. माईकला तोंड लावून आबा म्हणत होते,

"लावलं गं! कडीबी घातली!"