उशिराचे लाडू

लहानपणी मला कशाचाही अभिमान वाटायचा. आमच्या वांग्यांचा, बैलाच्या शिंगांचा, वांकिडीहून निघालेली बस सगळ्यांत आधी आमच्याच फाट्यावर थांबते याचा. एकदा गावात सगळ्यांआधी मला कांजिण्या आल्या, तर त्याचाही वाटला. शाळेच्या फॉर्मवर 'राष्ट्रीयत्व' हा रकाना आला की मी 'भारतीय' इतकं दाबून लिहायची की शाई मागच्या बाजूला उमटायची. त्यात माझी स्वतःची कर्तबगारी काय, हे कोणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्याच्या टोकाला. घरात मराठी, पाट्यांवर तेलुगू, तहसीलच्या कागदात अजून उर्दू, आणि बाहेरचा माणूस दिसला की सगळ्यांची हिंदी. बाबा भाजीपाला करायचे. मी त्यांचं शेंडेफळ, त्यामुळं माझ्या वर्गातल्या पोरांच्या बापांपेक्षा माझे बाबा बरेच म्हातारे होते. इतर वेळी मला त्याची जरा लाज वाटायची. नववीत असताना मात्र त्याचा उपयोग करायची संधी आली आणि मी ती सोडली नाही.

स्वातंत्र्याला चाळीस वर्षं झाल्याचं ते साल. वर्गात गुरुजींनी पहिल्या स्वातंत्र्यदिनाचं वर्णन करून सांगितलं: दिल्लीत लोटलेली गर्दी, रोषणाई, मिठाई. सगळे तोंड उघडं टाकून ऐकत होते. मी मनातल्या मनात हिशोब केला की तेव्हा बाबा पंधरा-सोळा वर्षांचे असणार, आणि उठून जाहीर केलं, "गुरुजी, माह्या बाबांनी पाह्यला होता तो दिवस. मिरवणुकीत होते ते."

मिरवणूक मी तिथल्या तिथं काढली होती. बोलून झाल्यावर ती मला स्वतःलाच खरी वाटायला लागली.

आमचे हेडसार नवीन होते, पार समुद्राकडच्या जिल्ह्यातून बदलून आलेले. त्यांना मराठी येत नव्हती, पण उत्साह दांडगा. गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन ते थेट आमच्या वाडीत. बाबा वांग्यात निंदत होते.

"आप आइए पंद्रह अगस्त को," हेडसार म्हणाले. "उस दिन का बच्चों को बताइए."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी वांग्यांकडं पाहिलं.

"त्या दिवसाचं?" बाबा म्हणाले. "सांगतो ना सायेब. आठोते मले."

माझा जीव भांड्यात पडला. पण बाबांच्या भरवशावर राहणं बरं नव्हे, म्हणून संध्याकाळी बसून मी त्यांच्यासाठी भाषण लिहिलं. त्यात दिवे होते, सनई होती, डोळ्यांत अश्रू होते, आणि शेवटी 'अभिमानानं माझा ऊर भरून आला' हे वाक्य होतं. बाबा निजामाच्या वेळी चार यत्ता शिकलेले, त्याही उर्दूत. मराठी अक्षर त्यांना वाचता यायचं नाही. म्हणून मी ते तीनदा वाचून दाखवलं. ते पालकाच्या जुड्या बांधत ऐकत राहिले.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "कोणं लिवलं?"

"मी."

"तू होती काय तिथं?"

मला राग आला. मी म्हटलं, "बाबा, सगळ्या शाळेसमोर माही इज्जत हाय. हे एवढंच बोला. जास्तीचं काही बोलू नका." त्यांनी मान हलवली. ती मान होकाराची होती असं मी धरून चालले.

पंधरा ऑगस्टला बाबा धुतलेलं धोतर आणि टोपी घालून आले. झेंडा चढला, गुलाल-फुलं खाली पडली. आम्ही पोरं चुन्याच्या रेघांवर उभी होतो. मी पहिल्या रांगेत, मान ताठ. हेडसारांनी हिंदीत ओळख करून दिली की या बुजुर्गांनी तो सोन्याचा दिवस डोळ्यांनी पाहिला आहे. बाबा उठले, घसा साफ केला आणि म्हणाले:

"त्या दिवशी मी मिरचीत निंदून राह्यलो होतो."

माझी ताठ मान खाली गेली.

"आमच्याकडं तवा स्वातंत्र्य आलंच नवतं," बाबा सांगू लागले. "आमी निजामाच्या राजात. इथं झेंडा दाखवला तं पकडून नेत. स्वातंत्र्य आलं होतं वर्धा नदीच्या तिकडं, इंग्रजांच्या मुलखात. तिकडं माही बहीण दिली होती. मधात नदी, अन् नदीच्या इकडच्या काठावर करोडगिरीचा नाका. येणाऱ्या-जाणाऱ्याचं गाठोडं सोडून पाह्यत, जकात घेत, अन् हजार सवाल इचारत."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर घरातही ऐकलं नव्हतं. आत्याच्या गावात त्या दिवशी घरोघर बुंदी पाडली. माहेरच्यांनी पण तोंड गोड करावं म्हणून तिनं लाडवांचं गाठोडं नवऱ्याजवळ दिलं. पूर जरा ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी ते डोंग्यातून नदी उतरून नाक्यावर आले. नाकेदारानं गाठोडं सोडलं. लाडू कशाचे, म्हणून विचारलं. आता निजामाच्या नाकेदाराला स्वातंत्र्याचे लाडू म्हणून कोण सांगणार? आत्याच्या नवऱ्यानं घाबरून सांगितलं, "लेकरू झालं जी. बारशाचे लाडू."

नाकेदार खूश झाला. दोन लाडू खाल्ले, दोन खिशात घातले. नेमका तिथं आमच्या गावचा एक गाडीवाला उभा होता. नदी पुन्हा चढायला लागली होती, म्हणून आत्याच्या नवऱ्यानं गाठोडं त्याच्या हवाली केलं आणि आल्या डोंग्यानं परत फिरले. नाकेदारासमोर त्या गाडीवाल्याला खरं सांगायची सोय नव्हती.

"चौथ्या दिवशी गाडी गावात आली," बाबा म्हणाले. "लाडू आले अन् लेकराची खबर आली. सालभर लेकीची भेट नवती, माही माय तं येडीच झाली खुशीनं. तिनं आपला गूळ काढला, लाडवात भर घातली, सारं गाव गोड केलं. रातदिस बसून झबलं शिवलं, टोपडं शिवलं. पूर उतरला तसं मले घेऊन निघाली. नदी उतरलो, बहिणीच्या दारात गेलो. बहीण म्हणते, 'काऊन आली व माय?' माय म्हणते, 'लेकरू कुठं हाय?' अन् बहीण इकडं पाह्यते, तिकडं पाह्यते…"

सगळी शाळा हसायला लागली. गुरुजी हसत होते. हेडसारांना कोणीतरी अर्थ सांगितला, तर तेही उशिरानं, एकटेच, मोठ्यानं हसले. मी तेवढी हसत नव्हते. मिरवणूक कुठं गेली, असं आता एखादा पोरगा विचारणार म्हणून माझे कान तापले होते.

बाबा थांबले. टोपी काढली, परत घातली.

"पोरगी म्हणे, अभिमानाचं बोला. तं सायेब, मी वांग्याच्या वाफ्यातून उठलो नाही, अन् माहं राज दोनदा बदललं. आदी निजामाचा होतो, मंग हैदराबादचा झालो, मंग आंध्राचा. मले कोणी इचारलं नाही, मी काही केलं नाही. वांगे मी लावले, त्याचा अभिमान मले हाय. देश मी लावला नाही." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "पण सालभरानं निजाम गेला अन् तो नाका उठला, तवा माही माय त्या काठावर बसून रडली. लेकीकडं जाले आता कोणाले सांगा लागत नाही म्हणे. त्याची खुशी मले तवा झाली, आजबी हाय."

आणि ते खाली बसले. दोन-चार टाळ्या पडल्या. बाकीच्यांना टाळ्या वाजवायच्या की नाही तेच कळलं नाही.

पुढचा महिनाभर मी दिसले की पोरं एकमेकांना विचारायची, "लेकरू कुठं हाय?" मिरवणुकीचं विचारायचीही त्यांना गरज पडली नाही. मी बाबांशी बोलणं टाकलं. ताट वाढायची ते दणकन. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "सगळ्यांच्या बापाले देशाचा अभिमान हाय. तुमालेच काऊन नाही?"

बाबा घास खाली ठेवून म्हणाले, "अभिमान नाही म्हणजे माया नाही असं वाटते काय तुले?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं दणकन ठेवला आणि उठून गेले. 

चौथ्या दिवशी, एकोणीस तारखेला, मधल्या सुट्टीत बाबा डोक्यावर टोपलं घेऊन शाळेत हजर. टोपल्यात बुंदीचे लाडू. हेडसारांना म्हणाले, "आमच्याकडं चौथ्या दिवशीच आले होते." एकेका पोराच्या हातावर त्यांनी स्वतः लाडू ठेवला. माझी पाळी आली तेव्हा दोन ठेवले. मी तोंड फुगवूनच खाल्ले, पण दोन्ही खाल्ले.

तेव्हापासून तो पायंडाच पडला. पंधरा ऑगस्टला शाळेत गोळ्या वाटायचे. त्या तोंडात घालतानाच पोरं विचारायची, "उशिराचे लाडू कवा हायेत?" हेडसारांची बदली झाली, दुसरे आले, तिसरे आले. बाबांचं टोपलं एकोणीस तारखेला यायचंच. एका वर्षी वांग्याला कीड लागली, तेव्हा लाडू लिंबाएवढे झाले. पण आले.

पुढं मी शिकले आणि इचोड्याला मराठी शाळेत मास्तरीण झाले. शाळेसमोरून हैदराबाद-नागपूर रस्ता जातो. दिवसभर ट्रक. कुठलेकुठले ड्रायव्हर ढाब्यावर उतरायचे, एकमेकांची भाषा न कळता शेजारी बसून जेवायचे आणि निघून जायचे. ते पाहून मला बरं वाटायचं. त्याला अभिमान म्हणायचं की खुशी, यावर मी बाबांशी मनातल्या मनात भांडायची. सुट्टीत गावी गेले की मोठ्यानं भांडायची.

एकदा मी चांगला मुद्दा काढला. क्रिकेटमध्ये आपण जिंकलो की मला अभिमान वाटतो. तुम्ही म्हणणार, तू काय केलंस? काहीच नाही. पण पेपरात आपल्या देशात कोणी कोणाला जाळलं, मारलं असं वाचलं की मला लाज वाटते. तेही मी केलेलं नसतं. मग न करता लाज वाटते, तर न करता अभिमान का वाटू नये? हा मुद्दा मी बसमध्ये घोकत आणला होता.

 बाबांना मी गप्प केलं असं आयुष्यात एवढंच एकदा झालं असेल. मग म्हणाले, "लाज वाटते ना तुले? म्हणजे घरचं समजते तू. मंग वाटू दे अभिमानबी. पण आदी लाज वाटली पायजे. ज्याले नुसता अभिमानच वाटते, तो पावना असते."

त्यावर मी खूप दिवस विचार केला. पूर्ण पटलं असं अजूनही म्हणणार नाही. पण फॉर्मवरचा तो रकाना भरताना मी आता पूर्वीसारखं दाबून लिहीत नाही, आणि झेंडा वर गेला की मान आपोआप ताठ होते तेही नाकारत नाही.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली, त्या साली उन्हाळ्यात बाबा गेले.

पंधरा ऑगस्टला इचोड्याच्या शाळेत मोठा थाट होता. भाषण मलाच सांगितलं होतं. मी बोलले, बरं बोलले असं सगळे म्हणाले. चार दिवसांनी पहाटे उठून मी बुंदी पाडली. पहिला घाणा करपला. बाबा लाडू वाण्याकडून आणत की आईकडून करून घेत, हेही मी कधी नीट विचारलं नव्हतं. डबा घेऊन वर्गात गेले. मनाशी ठरवलं होतं की पोरांना आधी सगळं समजावून सांगायचं. नदी, निजाम, नाका, सगळं. पण पहिल्या बाकावरच्या पोरीनं डब्याचं झाकण उघडायच्या आधीच हात पुढं केला होता.

"मॅडम, आज काय हाय?" तिनं विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बारसं आहे."

"कोणाचं?"

"माझ्या आत्याच्या लेकराचं."

"किती दिवसाचं हाय जी ते?"

"पन्नास वर्षांचं," मी म्हटलं.

सगळा वर्ग हसत सुटला. अगदी तसंच हसू, त्या चुन्याच्या रेघांवर मी उभी होते तेव्हाचं. मी डबा त्या पोरीच्या हातात दिला, सगळ्यांना वाट म्हटलं, आणि ते लाडू खात होते तोवर फळ्याकडं तोंड करून, आधीच पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिले.