हरेश भोईरची कोरी फळी

शिरवण्यातल्या हरेश भोईरच्या घरी सोफ्यावर बसलं की आधी आवाज येतो. सोफ्याचा नव्हे, प्लास्टिकचा. सोफा येऊन कित्येक वर्षं झाली, पण दुकानातून आलेलं प्लास्टिक अजून त्याच्या अंगावर आहे. मे महिन्यात पाहुणा जायला उठला की सोफाही त्याच्याबरोबर थोडासा उठतो. टीव्हीचा रिमोट पिशवीत, फ्रीजचा दांडा पिशवीत, गाडीच्या सीटा पिशवीत. हरेशची आई बाळाबाई सरळ खाली फरशीवर बसते. "सोप्यावर बसन्यापरीस जमीन बरी," म्हणते, "जमीन चिकटत तरी नाय."

लोक हसायचे. हसणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं की हरेशचं अख्खं लहानपण दुसऱ्यांनी वापरून झालेल्या वस्तूंत गेलं होतं. चुलतभावाचा शर्ट, चुलतभावाचं दप्तर, पुस्तकाच्या पहिल्या पानावर चुलतभावाचंच नाव आणि चित्रांना त्यानेच काढलेल्या मिशा. पुढे शेती शहरात गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली, भाडेकरू आले. पैसा आला तेव्हा हरेशच्या लेखी श्रीमंतीचा अर्थ एकच होता: ज्याला आधी कोणाचा हात लागलेला नाही ती वस्तू. मग त्याने त्या वस्तूला स्वतःचा हातही लागू दिला नाही.

भाडं येत होतं, म्हणजे काम करायची गरज नव्हती. खंत एवढीच होती की गावात वाढदिवसाचे बॅनर लागायचे त्यात प्रत्येक फोटोखाली काहीतरी लिहिलेलं असायचं. कोणी बिल्डर, कोणी समाजसेवक, कोणी नुसताच किंग. हरेशच्या फोटोखाली 'शुभेच्छुक'. चाळिशी उलटली तरी शुभेच्छुकच. त्याला 'युवा उद्योजक' व्हायचं होतं. म्हणून बिल्डिंगच्या तळमजल्यावरचा गाळा रिकामा करून त्याने सीएनसी राऊटर आणला.

हे म्हणजे एक भलंमोठं टेबल. त्यावर आडव्या पुलाला लटकलेली मोटर, मोटरला पातं, आणि कॉम्प्युटर सांगेल तसं ते पातं फिरून लाकडात जाळी, नक्षी, अक्षरं काय हवं ते कापणार. चालवायला खारघरचा निशांत ठेवला. डिप्लोमा अर्ध्यावर सोडलेला हुशार मुलगा. बोलायचा कमी आणि मोबाइलवर रील्स बघायचा जास्त.

पूजेच्या दिवशी गाळ्यात सत्यनारायण झाला, नारळ फुटला, मशीनला हार पडला. लोक प्रसाद घेऊन पांगल्यावर निशांतने टेबलावर स्क्रूने बसवलेल्या एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या, फळीवर पेन्सिलने उभ्याआडव्या रेघा ओढायला घेतल्या.

"ए, ए! नवीन फलीवर काय लिवतंस?" हरेश धावला.

"लिहीत नाही शेठ. हा स्पॉइलबोर्ड. माल याच्यावर ठेवायचा. पातं मालाच्या आरपार गेलं की खाली टेबलाला न लागता याला लागतं. आता सगळ्यात आधी याला वरून एक हात मारून सपाट करून घेतो. अर्धा एमएम."

"हात मारून म्हंजे?"

"छिलायची. टेबल थोडं इकडेतिकडे असतं, फळी पण थोडी वाकडी असते. पुलाला समांतर करून घ्यायची. पेन्सिलच्या रेघा जिथे शिल्लक राहतील तिथे खोलगट आहे समजायचं, परत एक हात मारायचा. सगळ्या रेघा गेल्या की सपाट."

"नवीन फली छिलायची?"

"नवीन आहे म्हणूनच."

हरेशने फळीवरून हात फिरवला. गुळगुळीत, बदामी रंगाची, एक ओरखडा नाही. "नाव काय म्हनालास तिचा?"

"स्पॉइलबोर्ड."

"स्पॉइल म्हंजे खराब ना? मंग? अजून पूजेची फुला सुकली नाय आनि तू खराब कराला निघालास!" त्याने खिशातला रुमाल काढून पेन्सिलच्या रेघा स्वतः पुसल्या. संध्याकाळपर्यंत फळीवर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसलं.

निशांतने आपलं कर्तव्य एकदा बजावलं होतं. दुसऱ्यांदा बजावायचा त्याला वेगळा पगार नव्हता. त्याने खांदे उडवले आणि मोबाइल काढला.

फळीला ओरखडा पडता कामा नये, असा मालकाचा हुकूम. त्यामुळे पातं कधीच मालाच्या आरपार जायचं नाही. खाली पापुद्रा राहायचा. तोही एका बाजूला कागदासारखा आणि दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्यासारखा, कारण फळी डावीकडे किंचित उतरती होती. मग हरेशची बायको जागृती दुपारी खाली येऊन कटरने ते पापुद्रे काढत बसायची, कडा पॉलिशपेपरने घासायची. मशीन लाखांचं, आणि उरलेलं काम जागृतीच्या नखांचं.

"ही मशीन मना कामाला लावाला आनलीस का?" तिने एकदा विचारलं.

"नवीन हाय गो. बसेल हलूहलू."

अशात भगवानशेठची ऑर्डर आली. भगवानशेठ माजी नगरसेवक. निवडणूक आज होणार, उद्या होणार असं चाललेलं, आणि तिकीट मिळेल की नाही याची शेठना धाकधूक. पक्षाचं लक्ष वेधायला त्यांनी ज्येष्ठ नागरिकांसाठी स्वतःच्या नावाचं विरंगुळा केंद्र बांधलं होतं. त्यांना बोर्ड हवा होता, पण साधा नको. "मी बटन दाबेपरत कोरा पांढरा," शेठ म्हणाले, "आनि दाबला का नाव प्रगट झाला पायजे. देव प्रगट होतो तसा."

निशांतला हे जमत होतं. दुधी पांढरी शीट घ्यायची, मागच्या बाजूने अक्षरं खोदायची, पुढे जेमतेम एक पापुद्रा ठेवायचा. मागे दिवे लावले की पातळ भागातून उजेड येतो आणि अक्षरं दिसतात. दिवे बंद असताना समोरून काहीच कळत नाही. शीट फळीवरच्या प्लास्टिकवर ठेवली, मशीन फिरलं, 'भगवानशेठ विरंगुळा केंद्र' खोदून झालं, मागे दिव्यांची पट्टी चिकटवली.

"एकदा लावून बघू या?" निशांत म्हणाला.

"डोका ठिकानावर हाय का? शेठच्या आधी आपन पेटवला तर बोर्ड वापरलेला झाला ना!"

उद्घाटनाला मंडप, ढोलताशा, खुर्च्यांवर फेटे बांधलेले ज्येष्ठ नागरिक. हरेश नवीन सफारी घालून पहिल्या रांगेत, कॉलरच्या मागे दुकानाची चिठ्ठी तशीच. सूत्रसंचालकाने 'तो ऐतिहासिक क्षण' असं म्हटलं. शेठनी बटन दाबलं.

कोऱ्या पांढऱ्या पाटीवर अक्षरं उमटली. भ. ग. वा. पुढचा न असून नसल्यासारखा, आणि त्यापुढे काळोख. शेठही नाही, विरंगुळाही नाही, केंद्रही नाही. फळीच्या उतारामुळे पातं तिथे पुरेसं खोल गेलंच नव्हतं. पाटीवर लखलखीत तीन अक्षरं: भगवा.

शेठचा पक्ष वेगळ्या रंगाचा होता. व्यासपीठावर त्याच रंगाचे पडदे, त्याच रंगाचे फेटे, आणि त्यांच्या डोक्यावर ही तीन अक्षरं. मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि बाकीच्यांनी, आपल्याला कळलं नाही असं दिसू नये म्हणून, कडकडाट केला. मोबाइल वर झाले.

शेठ हसऱ्या चेहऱ्याने, ओठ न हलवता हरेशला म्हणाले, "यो काय केलंस रं?"

उद्योजक व्हायच्या आधीच आपला धंदा बुडाला, असं हरेशला वाटलं. घरी येऊन तो न जेवता सोफ्यावर आडवा झाला. रात्रभर नुसतं प्लास्टिक वाजत होतं.

पण राजकारण्यांना चुकीत चूक दिसत नाही, संकेत दिसतो. सकाळी शेठना समोरच्या पक्षातून फोन आला: "शेठ, निरोप पोचला. बसू या." ही बातमी त्यांच्या पक्षाला लागली. इतके दिवस फोन न उचलणारे जिल्ह्याचे पदाधिकारी दुपारी स्वतः पेढे घेऊन आले आणि "तुमची नाराजी दूर करू" म्हणाले. शेठना आपण नाराज आहोत हे तेव्हाच कळलं. पण नाराज माणसाची किंमत त्यांना लगेच समजली. त्यांनी हरेशला बोलावून मिठी मारली. "बोर्डाला हात लावायचा नाय. हाय तसा र्‍हाऊ दे. तुझा हात शुभ हाय."

हरेश गाळ्यावर परतला तो वेगळाच माणूस होऊन. "निशांत, आपली फली लकी हाय. यो जो उतार हाय ना, तो पैशान मिलत नाय." आणखी दोन इच्छुक उमेदवार चौकशी करून गेले: आपलंही नाव असं थोडं संदिग्ध उजळेल का?

याच दिवसांत जागृतीने स्वतःच्या ओळखीवर एक ऑर्डर आणली होती. खारघरच्या क्षिप्राताई लहान मुलांचे वर्ग चालवायच्या. त्यांना लाकडी पाट्या हव्या होत्या, ज्यांत हत्ती, मासा, होडी असे आकार बरोबर खाचेत बसतात. पाट्या गेल्या आणि त्याच टेम्पोने परत आल्या. हत्तीचं डोकं बसलं तर शेपूट वर यायची. "वहिनी, तुकडे डुगडुगतात," क्षिप्राताई फोनवर म्हणाल्या. "मुलं चिडतात हो."

"मुलांना अजून सवय नाय," हरेश म्हणाला. तो घाईत होता. शेठच्या हस्ते त्याला त्या दिवशी 'युवा उद्योजक' पुरस्कार मिळायचा होता.

तो गेला. जागृती परत आलेल्या पाट्यांकडे बघत बसली. एक मासा उचलून खाचेत ठेवला. तो एका बाजूला कलला. तिने बोटाने दाबला, दुसरी बाजू उठली. कितीतरी दुपारी ती इथे पापुद्रे खरवडत बसली होती, आणि तेव्हा राग आला नव्हता. या माशाचा मात्र आला. लहान पोराने बरोबर जागी ठेवावा आणि तरी तो चूक निघावा!

"निशांत, मोबाइल ठेव," ती म्हणाली. "त्या दिवशी त्या रेघा कशा मारत व्हतास?"

प्लास्टिक तिने स्वतः टराटरा फाडलं. फळीभर पेन्सिलच्या रेघा ओढल्या. निशांतने पसरट पातं लावलं आणि मशीन सुरू केलं. पातं नांगरासारखं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊ लागलं. उजवीकडच्या रेघा पुसल्या, डावीकडे जशाच्या तशा. पातं तिथे हवेतच फिरत होतं. अजून अर्धा एमएम. अजून अर्धा. भुसा पिठासारखा उडून जागृतीच्या भुवयांवर बसला. शेवटी कोपऱ्यातली एक रेघ उरली होती, तीही गेली.

हरेश ट्रॉफी घेऊन आला तेव्हा गाळ्यात पीठगिरणी झालेली. तो दारातच थांबला. फळी फिकट झाली होती, अंगावर पात्याचे बारीक पट्टे.

"कोनी केला?"

"मी," जागृती म्हणाली.

"कोरी व्हती गो ती," एवढंच तो म्हणाला. आवाज असा की जागृतीला वाटलं, आता याला जवळ घ्यावं की काय. चुलतभावाचं दप्तर तिने पाहिलं नव्हतं, पण त्याबद्दल ऐकलं होतं.

"कोरी व्हती. कामाची नव्हती." तिने नवीन कापलेला मासा त्याच्या हातात दिला. "बसव."

हरेशने मासा खाचेत ठेवला. टिक असा बारीक आवाज झाला आणि मासा बसला. त्याने काढला, परत बसवला. पुन्हा काढला, पुन्हा बसवला. ट्रॉफी भुशात ठेवून तो बराच वेळ तेच करत राहिला.

क्षिप्राताईंच्या पाट्या गेल्या, पुढे अजून मागवल्या गेल्या. शेठना तिकीट मिळालं, त्यांच्याच पक्षाचं. मिळाल्यावर संदिग्धता परवडेना, म्हणून त्यांनी पूर्ण नावाचा बोर्ड मागवला. तो अख्खा उजळला, आणि त्याचा फोटो कोणीही काढला नाही. लकी उतार गेल्याचं शेठनी दोनचार ठिकाणी हळहळून सांगितलंही.

काही महिन्यांत फळीवर पात्याच्या इतक्या खुणा झाल्या, की निशांत परत पेन्सिल शोधू लागला. हरेशने ती त्याच्या हातातून घेतली आणि रेघा स्वतः ओढल्या. सरळ आल्या नाहीत, पण सगळीकडे ओढल्या. मग मशीन सुरू व्हायच्या आत बाहेर जाऊन रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेत उभा राहिला.

आतला घरघराट थांबला तेव्हा त्याने हाक मारली, "झाला का गो?"

"अजून एक हात," जागृतीने आतून सांगितलं.

त्याने दुसरा चहा मागवला.