खांबाखालचे पाढे

आमच्या थोरल्या साडूंच्या ताब्यात सूर्य दिला असता, तर पाढे म्हणून दाखवल्याशिवाय त्यांनी त्यालाही उगवू दिलं नसतं. सूर्य सुटला आणि गावचे दिवे सापडले. गावात वीज नवी नवी आली होती, त्या वेळची गोष्ट. रोज संध्याकाळी गल्लीगल्लीत जाऊन बटणं दाबायची कोणी, यावरून ग्रामपंचायतीचे पंच एकमेकांच्या टोप्यांकडं बघत बसले असताना साडू उभे राहिले, आणि गावची दिवाबत्ती त्यांच्या पदरात पडली. तेव्हापासून खांब त्यांचे झाले. सकाळी बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी ते प्रत्येक खांबाला थाप मारत जायचे. बल्ब उडाला तर "उडाला" म्हणायचे नाहीत, "गेला" म्हणायचे, आणि त्या दिवशी गोडाला हात लावायचे नाहीत. घरात वीज असून रात्रीचं जेवण रस्त्यावरच्या खांबाखाली. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, ताट घेऊन येता येता विचारायची, "काहून, घरात काय अंधार पडला का?"

"घरचा उजेड खाजगी असते," साडू म्हणायचे. "खाजगी उजेडात माणूस स्वार्थी होते. चारचौघांच्या उजेडात दुसऱ्या भाकरीले हात लावाची लाज वाटते."

लाज वाटत वाटत ते चार भाकरी खायचे.

एका वर्षी ते पोहरादेवीच्या यात्रेला गेले. तिथं कोणीतरी पत्र्याचा एक माणूस आणून उभा केला होता. त्याच्या पोटात लाल-हिरवे दिवे लागायचे, आणि कानाला नळी लावली की तो भविष्य सांगायचा. वर पाटी होती, कॉम्प्युटर. साडूंनी भविष्य ऐकलंच नाही, दिवेच बघत राहिले. परत आले ते थेट माझ्या घरी. "मास्तर, कांपुटर समजला मले. ज्याले बरोबर समजलं का त्याचा दिवा लागते, तो कांपुटर. मंग आपल्या पोट्ट्याइनं काय पाप केलं?"

मोडक्या दाराची एक फळी घेऊन त्यांनी तिच्यावर खिळ्यांच्या दोन रांगा ठोकल्या. डावीकडं प्रश्न, उजवीकडं उत्तरं, आणि फळीच्या मागून प्रत्येक प्रश्नाचा खिळा त्याच्या उत्तराच्या खिळ्याला तारेनं जोडलेला. पोरानं एका हातातली तार प्रश्नाला आणि दुसऱ्या हातातली तार बरोबर उत्तराला लावली की फळीवरचा बॅटरीचा चिमुकला बल्ब लागायचा. मग साडू उपरणं सावरत जायचे आणि त्या गल्लीचं बटण दाबायचे. उत्तर चुकलं की गल्ली अंधारात. दुसरा प्रश्न मिळायचा, पण साऱ्या गावाला फेरी घालून त्यांची फळी परत येईल तेव्हा.

गावात शिक्षणाची अशी लाट कधी आली नव्हती. बौद्धपुऱ्यातले दिवे सगळ्यांत आधी लागायचे, कारण तिथली पोरं फळी यायच्या आतच पाढ्यांचा फडशा पाडून रांगेत उभी असायची. पाटलांच्या गल्लीत मात्र नातवाच्या चुकीपायी खुद्द पाटील नालीत पडले, आणि दुसऱ्या दिवसापासून म्हातारा नातवाशेजारी बसून सातचा पाढा घोकू लागला. सर्वांत काळोखी गल्ली आमची. मी शाळेत मराठी शिकवायचो, गणिताशी माझं बोलणं नव्हतं, तरी बापाचं कर्तव्य म्हणून पोराची तयारी मी करून घ्यायचो. शेवटी शेजारी हात जोडून आले. "मास्तर, पोराले तुमी नका शिकवू. आमाले आमचं घर सापडून नाही राह्यलं."

पुढं एकदा फळी खोलून पुसताना साडूंकडून दोन तारांची अदलाबदल झाली. नवसातीची तार चौसष्टाला गेली आणि आठीआठीची त्रेसष्टाला. पोरांनी दोन दिवसांत हेरलं, आणि शाळेत त्रेसष्ट, खांबाखाली चौसष्ट असा व्यवहार बिनबोभाट सुरू झाला. गणिताचे गुरुजी तक्रार घेऊन आले, तर गावकऱ्यांनीच त्यांना वाटेला लावलं. "गुरुजी, तुमच्या आंगात करंट हाये का? मंग?"

भांडायची ती एकटी साडूंची लेक. मॅट्रिक झालेली, फळीवरचे आकडे तिच्याच अक्षरातले. रोज फळी निघायच्या वेळी ती ओट्यावरून खाली उतरायची.

"बाबा, नवसाती त्रेसष्ट होते."

"दिवा काय म्हणते?"

"दिव्याले काय समजते? खोला ते फळी."

"उद्या पाहू."

हा उद्या तिचं लग्न आलं तरी उगवला नाही. वऱ्हाड इंझोरीचं, मुहूर्त गोरज. वरात गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा अंधारू लागलं होतं. साडूंनी बँड थांबवला. फेटा बांधलेले साडू दोन्ही हातांत फळी धरून नवरदेवापुढं उभे राहिले. "आज जावईबापूच्या हातानं गल्लीत उजेड पडन!" प्रश्न निवडायचा मान पोरांना दिला. पोरांनी एका आवाजात नवसाती मागितली. परका माणूस तिथं हमखास आपटतो, हे त्यांना पाठ होतं.

नवरदेवानं हसत त्रेसष्टाला तार लावली. दिवा लागेना. त्यानं दाबून लावली. पोरं ओरडली, "चौसष्ट! चौसष्ट!"

"अरे, मी बी.कॉम. झालो आहे," नवरदेव म्हणाला.

"म्हणूनच!" एक पोरगा म्हणाला.

इथं नवरदेवाचा मामा भडकला. "आमच्या पोराची इज्जत काढून राह्यले का? मुहूर्त चालला तिकडं! फिरवा रे गाड्या!" नवरदेव मामाला आवरत होता, पण चौसष्टाला हात लावायला तोही तयार नव्हता. भटजी आभाळाकडं बघत होते. नवरीचा मावसा म्हणून मी मध्ये पडलो आणि घाईत बोलून गेलो, "साडेत्रेसष्टावर मिटवा." माझ्या बायकोनं मला मागं ओढलं. मांडवाच्या दारात हार घेऊन लेक उभी होती, आणि एकही दिवा नसल्यानं तिचं तोंड दिसत नव्हतं.

साडूंनी त्या अंधाराकडं एकदा पाहिलं. मग मांडी घालून रस्त्यातच बसले, फळी खोलली, दोन तारा सोडवल्या, अदलाबदल करून जोडल्या आणि तार जावयाच्या हातात दिली. "लावा आता." त्रेसष्टाला दिवा लागला. साडूंनी गल्लीचं बटण दाबलं, बँड वाजला, मुहूर्त साधला.

गाव मात्र थक्क झालं होतं. "काय बाप हाय!" पाटील म्हणाले. "जावयाच्या मानापायी नवातलं एक काढून आठाले देल्लं!" पंचक्रोशीत हीच गोष्ट पसरली. कोणी जावयाला घड्याळ दिलं, कोणी सायकल. पाढा बदलून देणारा सासरा हाच एक.

पण पोरांचं मन उठलं. लग्नकार्यात पाढा बदलत असेल तर पाठ तरी कशाला करायचा, असा त्यांचा रोकडा सवाल होता. फळीभोवतीची गर्दी पातळ झाली, मग नाहीशी झाली, आणि गावचे दिवे इतर गावांतल्यासारखे काही न विचारता लागू लागले.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर एकदा जेवणावेळी मी त्यांच्या खांबाखाली जाऊन बसलो. म्हटलं, "भाऊ, लोकांना खरं सांगून टाका ना. चूक होती, दुरुस्त केली."

"राहू द्या. बापानं लेकीसाठी पाढा बदलला म्हणते लोक. वाईट काय हाये त्याच्यात?"

"पण चूक तुमच्या ध्यानात कधी आली?"

"पोरीनं पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं. रातीच खोलून पाह्यलं म्या. तिचंच बरोबर होतं."

"मग दुरुस्त का नाही केली?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. "लगन ठरलं होतं, मास्तर. दुरुस्त केली असती, तर दुसऱ्या दिवशी ओट्यावरून उतरून भांडाले आली असती का पोरगी?"

रस्त्यावर कोणी नव्हतं, आणि दिव्याभोवती किडे जमू लागले होते. साडू म्हणाले, "इंझोरीत तिच्या गल्लीतबी खांब आले म्हणे आता." मग त्यांनी वर दिव्याकडं पाहिलं. "कोन लावत असन तिकडचे?"