क्लचवरचा पाय

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही — बायकोजवळही नाही. तुम्ही माझ्या गावचे नाही, म्हणून जमतंय.

झरी जामणी तालुक्यात आमचं गाव. माझी जीप आहे. वणीला माणसं नेतो-आणतो. ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा गावात चारचाकी माझीच, त्यामुळे थोडा रुबाबही होता. त्या उन्हाळ्यात सीटला नवी मखमली कव्हरं घातली होती. ज्या दिवसाचं सांगतोय, त्याच्या दुसऱ्या दिवशी नवरदेव न्यायचा होता. कव्हरांचं काय घेऊन बसलो, असं वाटेल तुम्हाला — पण सगळं तिथंच अडलंय.

त्या सकाळी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई पळत आल्या. शेजारच्या मारोतीची बायको, वैशाली, घरीच बाळंत झाली होती. मुलगी झाली. पण —

"दादा, गाडी काढा लवकर! रक्त थांबून नाही राह्यलं."

सरकारी गाडी दुसरा पेशंट घेऊन गेलेली. मी काय म्हणालो? बॅटरी उतरली म्हणालो.

का? रक्त म्हटल्यावर मला आधी कव्हरं दिसली. वैशाली नंतर.

मारोती म्हणाला, "भाऊ, तुमी बसा फक्त. आमी धक्का मारतो."

आता नाही कसं म्हणणार? बसलो. धक्क्यावर गाडी सुरू करायची तर तिनं वेग घेतला की क्लचवरचा पाय उचलावा लागतो, तेव्हा कुठं इंजिन उठतं. मी पाय उचललाच नाही. शाळेपर्यंत ढकलली त्यांनी, मग परत. आरशात मारोती दिसत होता, घामानं निथळलेला, एका पायातली चप्पल निघून गेलेली. मी घाबरलो होतो का? नाही. शांतपणे दाबून बसलो होतो.

सरकारी गाडी आली, पण वैशाली वणीच्या वाटेवरच गेली. आधी आणायला हवं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. दुपारी मी बॅटरी चार्ज करून आणल्याचं नाटक केलं. दुसऱ्या दिवशी नवरदेव नेला.

लाज वाटते. रोज वाटते, असंही नाही.

मागच्या महिन्यात ग्रामसभा होती. आता गावात गाड्या बऱ्याच आहेत. अडलेल्या बाईसाठी त्यातली एक ठरवून ठेवायची होती. मारोती उठला. शेजारी त्याची तीच मुलगी बसलेली, आता मोठी झालेली.

"भाऊचीच ठेवा," तो म्हणाला. "तवा बी भाऊनं लय कोशिश केलती. गाडीनंच दगा देल्ला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.