दोंडाईच्यात शांत भाडेकरू पाहिजेत

मोबाईलवर एक दादा येतो. मागे हिरवं शेत, हातात चहा. म्हणतो, शहर सोडा, छोट्या गावात राहायला या, निम्म्या खर्चात मजेत जगा. पप्पांनी तो व्हिडिओ इतक्या वेळा बघितलाय की मला पाठ झालाय. पप्पांना ऐकू कमी येतं, म्हणून ते आवाज फुल करतात. म्हणजे आमच्या अख्ख्या गल्लीला तो पाठ झालाय. त्या दादाला माझं एकच सांगणं आहे. एकदा आमच्या पप्पांना सोबत घेऊन खोली शोधायला जा, मग व्हिडिओ काढ.

आम्ही सुरतला नवागामला राहतो. मूळचे खान्देशातले. पप्पा बावीस वर्षांपासून लूमवर, म्हणजे कापड विणायच्या मशीनवर आहेत, बारा तासांची पाळी. ज्यांनी लूमचं खातं, म्हणजे कारखाना, आतून बघितला नाही त्यांना सांगते, तिथे दोन माणसं शेजारी उभी राहून बोलली तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथे सगळे ओठ बघून आणि बोटांनी बोलतात. अंगठा तोंडाला लावला की चहा. मिशीला पीळ दिला की शेठ आला, गप्प बसा (आमच्या शेठला मिशी नाही, तरी). दोन बोटं एकमेकांना चिकटवली की धागा जोडला, मशीन चालू कर. घरी पण आम्ही असेच बोलतो. मला तर तेच बरं वाटतं. मला चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटतो. आठवीपर्यंत मराठी शाळा होती, नववीला दुसऱ्या शाळेत गुजरातीतून मोठ्याने वाचायला लावलं, वर्ग हसला, चार महिन्यांनी मी जायचंच बंद केलं. आता घरी साड्यांना लेस लावते. बोलता येत नाही म्हणून लिहिते.

दिवाळीनंतर कानाच्या डॉक्टरकडे गेलो. ते पप्पांना न सांगता मलाच म्हणाले, उजवा कान गेला, डावा वाचवायचा असेल तर मशीनपासून लांब व्हा. लांब व्हा म्हणजे पगार बंद. पगार बंद झाला तर नवागामची खोली परवडत नाही, साडेचार हजार भाडं. म्हणून छोटं गाव. पप्पांनी ठरवलं, आपल्या खान्देशात दोंडाईच्याला जायचं, इथून साड्या नेऊन बाजारच्या दिवशी विकायच्या, मी तिथे बसून फॉल आणि लेस लावायची. त्यांच्या जोडीच्या कारागिराने दोन घरांचे पत्ते दिले. आई म्हणाली, उन्हाळ्यात तिथे सुरतपेक्षा जास्त तापतं. पप्पा म्हणाले, ऊन कानाला लागत नाही.

आईला साडी-घडीच्या कामावर सुट्टी नव्हती. पप्पांसोबत ऐकणारं कोणीतरी पाहिजे, म्हणून रविवारी मी निघाले.

कोणाला जायचं असेल तर उधना स्टेशनवरून सकाळची पॅसेंजर पकडा. तिकीट स्वस्त आहे, दोघांचं मिळून दीडशेच्या आत झालं. गर्दी असते. पाणी आणि डबा घरूनच न्या. आम्ही कळण्याची भाकर आणि ठेचा नेला होता. गाडीत उभं राहायला पण जागा नव्हती. पप्पांनी एका बाईंना साधंच विचारलं, गाडी नंदुरबारला किती वाजता लागेल. अख्खा डबा वळून बघायला लागला. बाई घाबरून सरकल्या, "बसा ना दादा, भांडता कशाला?" पप्पांना जागा मिळाली याचा आनंद झाला, ती कशामुळे मिळाली हे मी सांगितलं नाही. बारडोली, व्यारा, सोनगढ गेलं. नवापूरला स्टेशन अर्धं गुजरातमध्ये, अर्धं महाराष्ट्रात आहे. पप्पा खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाले, "इथून आपलं." पुढच्या डब्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

दोंडाईच्याला उतरलं की पहिलं नाकाला कळतं. मिरचीचा सिझन होता. मला सात शिंका आल्या, पप्पांनी मोजल्या. स्टॅंडजवळ खानावळीत शेवभाजी आणि भाकरी खाल्ली, नव्वद रुपये ताट, भाकरी पाहिजे तेवढी. इथपर्यंत त्या व्हिडिओवाल्या दादाचं म्हणणं खरं होतं.

पहिलं घर एका बाबांचं. ओट्यावर बसले होते. समोरच्या ओट्यावर एक मावशी गहू निवडत होत्या. घर चांगलं होतं, मोठी खोली, मागे मोरी, भाडं साडेतीन हजार म्हणाले. पाणी चार दिवसांनी येतं, टाकी स्वतःची घ्यायची. (हे आधी विचारत जा. कोणी आपणहून सांगत नाही.) पप्पा मला कोपऱ्यात घेऊन गेले.

आता इथे एक सांगायला पाहिजे. सुरतमध्ये आमची अहिराणी म्हणजे आमचं कुलूप आहे. शेठच्या तोंडासमोर त्याला काहीही म्हणा, त्याला कळत नाही. पप्पांना बावीस वर्षांची तीच सवय. आणि पप्पा ज्याला हळू बोलणं म्हणतात तेवढ्या आवाजात लोक बसमधून उतरलेल्याला परत बोलावतात. तर पप्पा माझ्या कानाला लागून हळूच म्हणाले,

"घर भारी शे. साडेतीन मांगी ऱ्हायना, पन चार मांगना तरी लई लेऊत."

बाबा ओट्यावरूनच म्हणाले, "मंग चारच द्या ना भाऊ."

समोरच्या मावशी सुपात तोंड घालून हसल्या. पप्पांनी मला विचारलं, काय म्हणाले? मी चार बोटं दाखवली. ते म्हणाले, बघ, मी बोललो होतो ना, हा चार मागेल. मला हसू पण येत होतं आणि रडू पण. बाबा मग साडेतीनवर यायला तयारच होईनात. वर पाण्याची टाकी. तेवढ्यात मग सुरत काय वाईट.

रस्त्यात मी पप्पांना समोर उभं केलं आणि ओठांनी सांगितलं, आता पुढच्या घरी तोंड नाही उघडायचं. फक्त बोटं. इथे सगळ्यांना अहिराणी येते. पप्पांनी कपाळावर हात मारला. मग मिशीला पीळ देऊन दाखवला, म्हणजे गप्प बसायचं कबूल.

दुसरं घर एका मॅडमचं होतं. रिटायर शिक्षिका. वर दोन खोल्या, जिना वेगळा, अंगणात शेवग्याचं झाड. भाडं अडीच हजार. बोलायचं सगळं माझ्यावर आलं. माझे तळहात ओले झाले होते पण मी बोलले. किती माणसं? तीन. गाव कुठलं? सांगितलं. आडनाव? तेही सांगितलं. स्वयंपाक काय करता, पाहुणे किती येतात, टीव्ही आहे का? नाही म्हटलं. मॅडम म्हणाल्या, त्यांचा मुलगा परीक्षेचा अभ्यास करतो, त्यांना शांत माणसं पाहिजेत.

पप्पा तेव्हा आतल्या खोलीत होते. मी बघायला गेले तर खिडकीला डावा कान लावून उभे, डोळे मिटलेले. मला बघून त्यांनी बोटांनी पंख केले आणि भुवया वर केल्या. पक्षी आहे ना? शेवग्यावर होला घुमत होता. मी हो म्हटलं. आमच्या नवागामला पक्षी असतील, मला माहीत नाही, कधी ऐकायची वेळ नाही आली. पप्पांनी परत कान लावला. मला तेव्हाच कळलं की हीच खोली पाहिजे, काही पण करून.

मॅडमनी चहा दिला. म्हणाल्या, "तुम्ही बापलेक किती शांत आहात गं. मला अशीच माणसं पाहिजे होती. एक तारखेपासून या." मी पप्पांना बोटांनी सांगितलं. धागा जोडला.

पप्पांचं चुकलं म्हणा. पण माणूस आनंदात आभार तरी कसे मानेल? ते कप ठेवून उठले, हात जोडले आणि म्हणाले, "लई उपकार झाले मॅडम! एक तारखेला सामान घेऊन येतो!"

मॅडमचा चहा बशीत सांडला. आतून मुलगा पळत आला, काय झालं म्हणून. मॅडमनी मला विचारलं, हे नेहमी असेच बोलतात का? मी म्हटलं, हो, लूमवर आहेत, कानाला... पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. म्हणाल्या, थांब हं, मला आता आठवलं, एका सरांना मी आधी शब्द दिलाय, त्यांना विचारून कळवते. नंबर पण घेतला नाही. मग मुलाकडे वळून हळूच म्हणाल्या,

"पिऊन आले असतील. मिलवाले असेच."

पप्पा माझ्या मागे उभे होते, अजून हात जोडलेले.

मला आजपर्यंत वर्गात हजेरी सुद्धा नीट देता आली नाही. पण तेव्हा जे निघालं ते पप्पांसारखंच निघालं, तेवढ्याच आवाजात. मी म्हटलं, "मॅडम, माझे पप्पा पीत नाहीत. तुमच्या अंगावर जी साडी आहे ना, तसल्या साडीचं कापड विणता विणता त्यांचा कान गेला. तिथे एखाद्याचा हात मशीनमध्ये गेला आणि तो ओरडला तरी शेजारच्याला कळत पण नाही. त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, म्हणून ते मोठ्याने बोलतात. तुमची शांतता आम्ही खाऊन टाकणार नव्हतो."

मॅडम म्हणाल्या, "मी काही वाईट बोलले का? मला शांत भाडेकरू पाहिजेत, एवढंच." आणि कप उचलून आत गेल्या.

मला राग याचा नाही की खोली मिळाली नाही. घर त्यांचं आहे. राग याचा आहे की पाच मिनिटं आधी आम्ही चांगली माणसं होतो. चांगली म्हणजे काय, तर मुकी. साडी पाहिजे, स्वस्त पाहिजे, त्याचा आवाज मात्र दुसऱ्या गावात राहिला पाहिजे. आणि तो आवाज ज्याच्या कानात भरून राहिलाय, त्याने पण तिकडेच राहायचं. कोणत्याच व्हिडिओत हे सांगत नाहीत. भाडं सांगतात, हवा सांगतात, भाजी किती ताजी मिळते ते सांगतात.

स्टेशनपर्यंत मी पुढे चालले, पप्पा मागे. गाडीला वेळ होता. मी त्यांना बोटांनी सांगितलं, खोली आधीच दुसऱ्याला दिली होती, मॅडम विसरल्या. त्यांनी मान हलवली. भजी घेतली, मला जास्त दिली.

नवापूर गेल्यावर पप्पांनी माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. मी बघितलं. ते आवाज न करता, फक्त ओठांनी बोलले: पिऊन आले असतील. मिलवाले असेच.

 मी काय विसरले होते बघा. जो माणूस बावीस वर्षं ओठ वाचतो, त्याच्यासमोर त्या बाई हळू बोलल्या काय आणि न बोलल्या काय. डब्यातल्या कोणाला कळलं नाही, पण पप्पा मला म्हणत होते, त्यांना सगळं दिसलं. फक्त मी काय बोलले ते नाही कळलं, आवाज ऐकू आला पण ओठ नाही दिसले, कारण मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते. काय बोललीस, त्यांनी विचारलं. मी काही नाही म्हटलं आणि उधन्यापर्यंत बाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर आमची तोंडं बघूनच आईने भात वाढला. सोमवारी पप्पा डाव्या कानात कापूस घालून पाळीला गेले. तो व्हिडिओ ते आता बघत नाहीत. दोंडाईच्यातून मी काय घेऊन आले विचाराल तर अर्धा किलो लाल मिरची, खरंच चांगली आहे आणि इथल्यापेक्षा स्वस्त. आणि तो होला. काल मी अर्ध्या तासासाठी लेसची मशीन बंद करून खिडकीत उभी राहिले. नवागामला पण एखादा असेल म्हणून. लूमशिवाय काही ऐकू आलं नाही. डॉक्टर बोलले ते तसंच डोक्यात आहे.

आज दुपारी डबा द्यायला मी खात्यात गेले. बारा कारागीर, सगळ्या मशीन चालू, जमीन पायाखाली थरथरते. पप्पांनी डबा घेतला नाही. समोर उभे राहिले आणि ओठांनी म्हणाले, आता सांग. त्या बाईंना काय बोललीस?

मला वाटलं, इथे तर कोणालाच ऐकू येत नाही. म्हणून मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, जसं तिथे बोलले होते तसं, छाती फोडून. कानाचं, मशीनमध्ये जाणाऱ्या हाताचं, शांतता खाण्याचं. संपल्यावर बघितलं तर बाराही जण माझ्याकडे बघत होते. सगळ्यांना कळलं होतं. ओडिशाच्या एका भाऊंना मराठी येत नाही, त्यांना शेजारचा बोटांनी समजावून सांगत होता, मिशीला पीळ वगैरे देऊन. एकाने अंगठा वर केला. दुसऱ्याने बोट गोल फिरवलं, परत बोल.

मी तोंडावर ओढणी घेतली.

पप्पांनी ती खाली ओढली. डाव्या कानावर बोट ठेवलं, मग दाराकडे दाखवलं, मग गाडी. रविवारी परत जाऊ. मग माझ्या हनुवटीवर बोट ठेवलं आणि स्वतःच्या तोंडावर हात. यावेळी दारातच आधी तू सांगायचं, माझे पप्पा मोठ्याने बोलतात. ज्याला चालेल त्याचंच घर बघायचं.

मी दोन बोटं चिकटवून दाखवली.